राहून गेलं सांगायचं

धारगळहून शेजारणीचा फोन आला तेव्हा मी वास्कोच्या घरात भाजी चिरत होते. "बाय, ताई उठत नाय गो. तू बेगीन ये." माझी थोरली बहीण, डॉ. शालन, गेली होती. रडू यायच्या आधी मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते... वाटलं, आता कोणी सांगणार नाही. सुटले. बस कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत कळून चुकलं, की सुटले वगैरे काही नव्हते. दोघींनी मिळून लपवलेलं आता मला एकटीला सांभाळायचं होतं.

आम्ही हळर्णच्या. आम्हां दोघींच्या मधला भाऊ नवव्या वर्षी दात काढल्याचं निमित्त होऊन गेला. तीन दिवस रक्त थांबलं नाही. हिमोफिलिया हा शब्द तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हता. ताईने तो पुढे डॉक्टरकी शिकताना वाचला आणि आयुष्यभर सोडला नाही. रक्त गोठवणारा घटक कमी असण्याचा हा दोष आईकडून नकळत मुलांत उतरतो. मुलगे रक्तस्रावाने हैराण होतात, मुली बहुधा धडधाकट राहून तो पुढे नेतात. कोणत्या घराण्यात नेमका कुठला दोष आहे हे शोधायचं, म्हणजे मुलींना वेळेवर सांगता येईल, हेच तिचं संशोधन. रक्ताच्या नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन सरकारी बसने तिने पेडणे, डिचोलीची खेडी पालथी घातली. काही सासवा तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवायच्या, तरी ती पुन्हा जायची.

माझी मुलगी मीनल कॉलेजात असताना हौसेने मावशीच्या कामासाठी रक्त देऊन आली. अहवाल घेऊन ताई स्वतः वास्कोला आली. मीनलमध्ये तो दोष होता, माझ्यातून आलेला. त्याच आठवड्यात डिचोलीच्या स्थळाचा होकार आला होता. मी ताईचे हात धरले. "लग्न होऊं दे. मग मीच सांगते."

"अगो, परक्यांच्या मुलींना मी सांगत फिरते. घरच्या मुलीपासून लपवू?"

"तू सांगितलंस तर मी तुझी कोणी नाही."

तिने अहवालाची घडी करून तो परत पर्समध्ये ठेवला. पुढे फोनवर दर वेळी विचारायची, "सांगितलंस?" मी पुढे ढकलत राहिले. मीनलला दिवस गेले हेसुद्धा मी ताईला सातव्या महिन्यापर्यंत कळू दिलं नाही.

नातू ओम दहा महिन्यांचा असताना पडला, ओठ फुटला, रक्त थांबेना. तपासणी ताईनेच केली, तोच दोष निघाला. इस्पितळाच्या व्हरांड्यात मीनल तिला म्हणाली, "मावशी, माझं रक्त तुझ्याकडे होतं. तुला ठाऊक होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"राहून गेलं सांगायचं," ताई म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं मीनल तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ताई आठवड्यातून दोनदा बसने डिचोलीला जायची, ओमला फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्या घटकाचं, इंजेक्शन द्यायची. मीनल दार उघडायची, मुलाला मांडीवर घट्ट धरायची, ताई बाहेर पडली की दार लावायची. मुलींना वेळेवर सांगा, अशी डॉक्टरांपुढे भाषणं देणंही ताईने बंद केलं. निमंत्रण आलं की गुडघे दुखतात म्हणायची. एकदा मी म्हटलं, "मी सांगून टाकते तिला." ताई म्हणाली, "आता तिला आई तरी राहूं दे..." आणि मी ते सोयीने ऐकलं.

गेल्या रविवारी मीनल आणि मी धारगळच्या घरी आवराआवर करायला गेलो. पुढच्या लहान खोलीत मला पुढे धीर धरवेना. सगळं सांगून टाकलं. ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "हे लिही. मावशीला मी जिथं जिथं नावं ठेवली, तिथं सगळ्यांनी वाचायला हवं."

तिने भिंतीकडच्या दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. याच खोलीत ताई बायकांना त्यांचा अहवाल सांगायची. कितीही घाई असो, समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि कागद उघडण्याआधी म्हणायची, "यात कोणाची चूक नाही."

मीनल एका खुर्चीत बसली. "मावशीने सांगितलं असतं तसं सांग मला. पहिल्यापासून."

मी समोर बसले. पहिलंच वाक्य माझ्या तोंडून निघेना.