पाच चाकू आणि ओलं गोणपाट

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ बसतो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. नाशिकला पंचवटीकडच्या एका पोलीस ठाण्यात मी हवालदार होतो. नवरात्र चालू होतं. निम्मा स्टाफ कालिकेच्या यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेला, आणि शहरात मनाई आदेश लागू. म्हणजे काठी, सुरा, चाकू असलं काही जवळ ठेवून फिरायचं नाही. सापडला की गुन्हा दाखल आणि वस्तू जप्त.

दुपारी आमचा बातमीदार धापा टाकत आला. स्टँडबाहेर उसाचा रस विकायचा. माणूस खोटा नव्हता, पण हिंदी पिक्चर फार बघायचा.

"हवालदारसाहेब, टोळी आहे. पाच जण. माझ्याच गाड्यावर रस पितायत. हत्यारं खिशात आहेत, मी बघितली."

"बोलले काय?"

"त्यातला म्हातारा म्हणाला, आज पोचलो तर उद्या सकाळपासून मुंडकी उडवायची. मग कलम करायचं. साहेब, पिक्चरमध्ये म्हणतात ना, सर कलम."

पाच हा आकडा पोलिसाच्या कानाला वेगळा लागतो. चार असले तर गोष्ट निराळी, पाच जमले की कायद्यात तो दरोडा होतो. आणि दरोड्याच्या तयारीत धरला की माणूस लवकर बाहेर येत नाही. ठाण्यात नवे फौजदार साहेब आले होते, कोवळे, ट्रेनिंग संपवून नुकतेच. त्यांनी टोपीच्या आधी जीपची चावी उचलली.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. मी गाड्यावर रस मागितला, दोघे शिपाई मागून आले, साहेब बसच्या आडोशाला. दिंडोरीची बस चालू होऊन घरघरत उभी होती. खूण केली आणि एका दमात पाचही धरले. झटापट काही नाही. म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, रस सांडला."

दोन पंच बोलावून झडती घेतली. प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू निघाला, लाकडी मुठीचा, धार अशी की नखावरून सरकवला तर नख सोलून निघावं. बरोबर ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं होतं. आत काटक्या. ते आम्ही ठाण्याच्या कोपऱ्यात टाकून दिलं. चाकू मात्र टेबलावर ओळीनं मांडले. साहेबांचा चेहरा फुलला होता. खरं सांगतो, माझाही.

पाचही जण हरसूलकडचे. म्होरक्या तो म्हातारा, हाडाचा बारीक, बोलायला सरळ. चौकशीला मी बसलो.

"कुठं निघाला होता?"

"कलम कराया."

"कुणाचं?"

"मालकाचं."

फौजदार साहेब खुर्चीतून उठले. "मालकानं काय वाकडं केलंय तुमचं?"

"काय नाय केलं. त्यानंच तर बोलावलं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन थांबवलं. म्हटलं, "म्हाताऱ्या, नीट सांग. आधी काय करणार?"

"आधी जंगलीचं मुंडकं उडवायचं. मंग मधी चीर मारायची. मंग डोळा बघून बसवायचा."

"आणि हे काय?" मी चाकूकडं बोट केलं.

"आमची हत्यारं."

ते मी जबाबात जसंच्या तसं लिहिलं. स्वतःच्या तोंडानं हत्यार म्हणाला, आता काय राहिलं. मी मूळचा सिन्नरच्या कोरड्या भागातला, आमच्याकडं बाजरी. आंब्याचं कलम ऐकून होतो. पण त्यात मुंडकं उडवतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आमची मंडळी डबा घेऊन आली. पोलीस लाइन ठाण्याच्या मागंच होती. जेवायला आलो नाही की ती स्वतः यायची आणि चार लोकांत बोलायची. तिचं माहेर निफाड तालुक्यातलं, भाऊ द्राक्षवाले. तिनं ना आरोपी बघितले, ना चाकू. कोपऱ्यातलं गाठोडं बघितलं आणि डबा तिथंच ठेवला.

"या काड्या कुणाच्या?"

तिनं वाकून गोणपाटात हात घातला.

"अहो, वाळायला लागल्यात. पाणी मारा आधी. डोळे मरतील त्यांचे."

डोळे मरतील म्हटल्यावर फौजदार साहेब दचकले. म्हातारा मात्र पहिल्यांदा हुरूपानं बोलला. "बाई, तेच मी सांगतूय. पर ह्यांना चाकूच दिसतो."

मग तिनंच उलगडून सांगितलं. खारं पाणी झेपावं म्हणून आता बागेत आधी जंगली वेल लावतात. त्याचा शेंडा छाटायचा, बुंध्यात चीर मारायची आणि चांगल्या द्राक्षाची डोळेवाली काडी त्यात बसवून बांधायची. ते कलम. ते करणाऱ्या मजुरांची टोळी. शेंडा म्हणजे मुंडकं. सांगताना ती हसायला लागली आणि पदर तोंडाला लावून हसतच राहिली. "हवालदार, आता माझ्या भावाला पण धरून आणा. दरसाल मुंडकी उडवतो तो."

दरोडा तिथंच विरघळला. आमच्या मागोमाग ठाण्यात आलेला रसवाला दारातून कधी सटकला, कळलं नाही.

पण नवे साहेब पडले वरमलेले, आणि वरमलेला साहेब कडक होतो. म्हणाले, "दरोडा नसेल. मनाई आदेश आहे ना? चाकू तो चाकू. माणसं सोडा, मुद्देमाल जमा करा."

मुद्देमाल जमा म्हणजे काय ते मला माहीत होतं. केस उभी राहीपर्यंत चाकू मालखान्यात गंजणार. इकडं कलमाचा हंगाम थोड्या दिवसांचा. म्हातारा ते ऐकून उभा राहिला. मघापासून वाकून बसलेला माणूस, आता ताठ.

"माणसं ठेवा. चाकू सोडा."

"काय?"

"मला आत टाका. माझा चाकू घेऊन पोरं जातील कामाला. चाकू माझा हाय. त्यानं कुणाचं काय केलं ते सांगा, मंग घ्या."

फौजदार साहेब टेबलावरचे चाकू पुन्हा मोजायला लागले.

मोठे साहेब, म्हणजे आमचे निरीक्षक, बंदोबस्तावरून आले तेव्हा आम्ही तसेच उभे होतो. त्यांनी जबाब वाचला. "हवालदार, इथं हत्यार लिहिलंय. हे कसं सोडू?"

मी म्हटलं, "साहेब, तो बोलला ते लिहिलं. आता हत्यार म्हणजे काय, ते पण त्याला विचारा. तेही लिहितो."

साहेबांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "कुऱ्हाड हत्यार. विळा हत्यार. सुताराचा रंधा हत्यार. न्हाव्याचा वस्तरा हत्यार."

"रंधा पण?"

"मंग? खंडेनवमीला त्याची पण पूजा."

आमची मंडळी मागून म्हणाली, "परवा मी विळी पुजणार आहे साहेब. मी पण बसू का त्या बाकावर?"

मोठे साहेब हसले नाहीत, पण त्यांनी एक चाकू उघडला आणि पातं बोटाशी धरलं. पातं बोटाएवढंसुद्धा भरेना. टोक बोथट. म्हणाले, "शस्त्र कायद्यात हे बसत नाही. आदेश काढलाय तो दंगा करणाऱ्यासाठी, धंद्याचं अवजार कामावर नेणाऱ्यासाठी नाही. खात्री करा आणि सोडा. फक्त शहरात खिशात नको, गाठोड्यात बांधा."

बस तर कधीच गेली होती. खात्रीसाठी मीच पाचही जणांना जीपमध्ये घातलं आणि दिंडोरी रस्त्याला लागलो. गाठोडं म्हाताऱ्याच्या मांडीवर, त्यात चाकू, आणि आमच्या मंडळीनं मारलेलं पाणी जीपभर गळतंय. बागेच्या बांधावर मालक वाट बघत उभा. पोलिसांची जीप बघून त्याचं तोंड उतरलं, पण म्हातारा उतरताच तो ओरडला, "काड्या जित्या हायत का?"

"जित्या हायत," म्हातारा म्हणाला. "सायबाच्या बाईनं पाणी मारलं."

पुढं नोकरीत चाकूवाले बरेच धरले. त्यांतले काही खरोखर वाईट होते, त्यांना मी सोडलं नाही. पण त्या दिवसापासून चाकूबरोबर आणखी काय आहे ते आधी बघायला लागलो. आम्ही सगळे चाकू कुणाचे विचारत होतो. काड्या कुणाच्या, हे एकटीनं विचारलं.

त्या खंडेनवमीला तिनं विळी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, "हवालदार, हत्यार जमा करून घ्या. नाहीतर भाजी चिरून द्या." मी भाजी चिरून दिली. मग दरवर्षी तेच. मी रिटायर झालो तरी ती हवालदारच म्हणायची.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. यंदाही मी विळी पुसून पाटावर ठेवली आणि समोर बसून राहिलो. जमा करून घ्या म्हणणारं कुणी नव्हतं. शेवटी उठलो आणि भाजी चिरली.