कोंबडीचं लिव्हर घेऊन उस्मानपुऱ्याला

अजिंठ्याच्या स्टँडवर सकाळी उभा राहिलो तेव्हा डोक्यावर टॉवेल होता, हातात पिशवी आणि पिशवीतल्या बाटलीत औषधाच्या पाण्यात बुडवलेलं कोंबडीचं लिव्हर. त्याच्याबरोबर माझी नोकरीही बुडायला आली होती.

झालं असं. आठवडाभर पोल्ट्रीत कोंबड्या मरत होत्या. मी त्यांच्या खाद्यात आपल्याकडची सुकट कुटून घातली होती, प्रेमानं. मालकीण गयामावशींचा पुतण्या म्हणाला, "ह्या कोकण्याच्या सुकटीनंच मेल्या." मग गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली कोंबडी फाडून लिव्हरचा तुकडा बाटलीत घातला आणि शहरात उस्मानपुऱ्यातल्या लॅबचा पत्ता दिला. "उन्हात ठेवू नको," एवढंच म्हणाले. मावशी म्हणाल्या, "सुकटीचं निघालं तर तुझी पिशवी भर. उन्हाचं निघालं तर ऱ्हा."

मी मासळीवाल्या घरातला. आठवीत शाळा सुटली, पण माल उन्हापासून वाचवायचा म्हणजे बर्फ आणि वर खडेमीठ, हे मला शाळेच्या आधीपासून पाठ. मीठ खिशात घेतलं. बर्फ कुठून आणणार? गावात कालपासून लाईट नव्हती.

बसमध्ये शेजारच्या आजींनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"काय हाय रे भाऊ?"

"कोंबडीचं लिव्हर. तपासायला चाललोय."

"मेलेल्या कोंबडीला बी डाक्टर?" आजी म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला कुणी इचारंना."

सिल्लोडला उतरून बर्फ शोधला. मिळाला नाही, आणि बस मात्र सुटता सुटता राहिली. फुलंब्रीपर्यंत खिडकीचा गज हाताला चटके देत होता (त्याला इथं 'जरा ऊन हाय' म्हणतात). बाटली चहासारखी कोमट झाली. मी दर पाच मिनिटांनी तिला फुंकर घालत होतो.

शहराच्या स्टँडबाहेर रसाचं दुकान दिसलं.

"रस नको, नुसता बर्फ द्या," मी म्हणालो.

"लई गरम झालं का?" दुकानदारानं विचारलं.

"मला नाही, लिव्हरला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मोठा तुकडा दिला. देव त्याचं भलं करो.

रिक्षात बसल्यावर बर्फ टॉवेलात घालून फोडला. रिक्षावाले चाचा आरशातून बघत होते.

"डिब्बे में क्या है, भाई?"

"कोंबडीचं लिव्हर."

"कलेजी? इत्तीसी? बर्फ में नक्को डालो, तवे पे डालो."

क्रांती चौकात सिग्नल लागला. आता मीठ टाकून बाटली बर्फात पुरणार, तेवढ्यात चाचांची मान हँडलवर टेकली. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता म्हणे. मागून सगळे हॉर्न वाजवू लागले. मी आणि एका पोलिसानं रिक्षा सावलीत ढकलली. टॉवेल बर्फासकट चाचांच्या डोक्यावर बांधला, खिशातलं चिमूटभर मीठ पाण्यात घालून पाजलं. अर्ध्या तासानं ते उठून बसले.

"डाक्टर हो क्या?"

"आठवी नापास."

"तो ठीक है," चाचा म्हणाले. त्यांना कशानं धीर आला, कळलं नाही.

बर्फाचं पाणी झालं होतं. लॅबमधल्या मॅडमपुढे मी बाटली ठेवली आणि आधीच माफी मागितली. "बर्फ होता, पण तो चाचांच्या डोक्यावर गेला. मीठसुद्धा."

मॅडमनी चष्मा काढला. "मीठ घालून बर्फात ठेवणार होतात? मिठानं बर्फ आणखी गार होतो, आतलं पाणी गोठून पेशी फुटल्या असत्या. मग मला काय दिसलं असतं, डोंबल?" चष्मा पुन्हा लावून म्हणाल्या, "चाचांचे उपकार माना."

चौथ्या दिवशी फोनवर रिपोर्ट आला, सोबत फोटो. गयामावशी, पुतण्या आणि मी, तिघांनी एकाच मोबाईलवर डोकी घातली. साबुदाण्यासारखे फुगलेले दाणे दिसत होते. मॅडमनी समजावलं: उन्हात कोंबडी धापा टाकते, खात नाही, लिव्हरवर ताण येतो, पेशी सुजतात, आत चरबीचे थेंब साचतात. विषाची खूण दिसली नाही. दुपारी खाद्य देऊ नका, गार पाणी द्या.

मावशी उठल्या, छपरावर ओलं गोणपाट टाकलं आणि मला म्हणाल्या, "खाद्य आता पहाटं घालायचं. ती सुकट बी थोडी घाल. वासाची सवय झालीया आता."

म्हणून आये, सगळ्या वाडीला सांग, मी इथंच आहे. तू शिकवलंस तसं मीठ घालून बर्फात ठेवलं असतं तर आज घरी असतो.