जाऊबाई बाहेर जेवल्या

बुऱ्हाणपुरात असा एकही आचारी नसेल, ज्याचे हात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हुंगलेले नाहीत. लग्न कुणाचंही असो, जाऊबाई नवरानवरीला भेटण्याआधी मांडवामागे जाऊन आचाऱ्याला भेटतात आणि म्हणतात, "हात दाखव." मी जन्मभर शाळेत मुलांची नखं तपासली, पण माझ्यापुढे कुठलंही पोर इतकं घाबरून उभं राहिलं नाही. कांदा-लसणाचा वास साबणाने जात नाही, असा त्यांचा सिद्धान्त आहे. नेपानगरच्या एका लग्नात आचाऱ्याने "माताजी, बच्चों की कसम, प्याज-लहसून कुछ नहीं डाला" म्हणून गळ्याला हात लावला. जाऊबाईंनी त्याची बोटं नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरांले कशाले मधात आनतो रे? लसून सोलला हाये तू, अन् तोही दोन घंट्यांच्या आत." मग पिशवीतून आपला डबा काढून त्या एका कोपऱ्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायला बसल्या. आचारी बिचारा त्यांना दही नेऊन देत होता. त्यांनी दह्याचाही वास घेतला.

गंमत म्हणजे कांदा-लसणाशी त्यांचं वैर मुळीच नाही. आमच्या घरचं वांग्याचं भरीत त्याच करतात, भरपूर लसूण घालून. चाखायची सोय नाही म्हणून त्या पातेल्यावर वाकून नुसता वास घेतात आणि सांगतात, "मीठ कमी हाये." मिठाला वास नसतो हे मी विज्ञान शिकवणारी बाई असूनही त्यांना पटवू शकले नाही, कारण मीठ खरोखरच कमी निघायचं. गच्चीवर उभ्या राहिल्या की कुणाच्या घरी फोडणी करपली, कुणाकडे पाहुणे आले आणि कुणी आज कंटाळा करून खिचडीच टाकली, हे सगळं त्यांना न विचारता कळतं. गल्लीतल्या सुना त्यांना वचकून असतात.

त्यांनी कांदा-लसूण सोडला तो माझ्यामुळे. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना न्यूमोनियाने दवाखान्यात होता आणि डॉक्टर धड काही बोलत नव्हते. जाऊबाई घरी गेल्या, देवापुढे बसल्या आणि हे पोर घरी आलं तर जन्मभर कांदा-लसणाला शिवणार नाही, असं बोलून मोकळ्या झाल्या. पोर घरी आलं. आता ते पुण्यात नोकरी करतं आणि पिझ्झ्यावर जादा लसूण मागवतं. ते दोन वर्षांचं झालं तेव्हा मला शाळेत परत धाडलं तेही जाऊबाईंनीच. "तू जा गं मास्तरीन, घर मी पाहून घेते," म्हणाल्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते पाहिलं. पंगतीत बसलेली असताना कोपऱ्यातला त्यांचा तो कोरडा डबा दिसला की माझ्या घशाखाली जिलबी उतरत नसे. एकदा, फक्त एकदा, त्यांना टेबलाशी बसवून दुसऱ्या कुणी रांधलेलं, दुसऱ्या कुणी वाढलेलं पोटभर खाऊ घालायचं, एवढी एकच इच्छा मी वर्षानुवर्षं बाळगून होते. चार-पाच वेळा हॉटेलात नेलंही. पण दर वेळी त्यांचं नाक आडवं आलं. एका ठिकाणी तर वेगळ्या तव्यावरची म्हणून आणलेली पोळी त्यांनी परत पाठवली आणि आम्ही घरी आल्यावर आम्हालाच पुन्हा पिठलं-भात वाढला, आमचं पोट भरलं नसेल म्हणून.

गेल्या वर्षी राजपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका केळीच्या व्यापाऱ्याच्या सुनेने छोटंसं तैवानी हॉटेल उघडलं. सहा टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्वस्तातलं जेवण आणि कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती काही वर्षं तैवानला होती आणि घरमालकिणीच्या हाताखाली स्वयंपाक शिकून आली होती. मी आधी एकटीच टेहळणी करून आले. मग जाऊबाईंना सत्तर पूर्ण झाली त्या दिवशी मी त्यांना रिक्षात बसवलं. डबा त्यांनी घेतलाच होता.

गेल्या गेल्या त्या स्वयंपाकघरात शिरल्या. "हात दाखव." हॉटेलवाल्या मुलीने हसत दोन्ही हात पुढे केले. जाऊबाईंनी वास घेतला, पुन्हा घेतला. "तिळाचं तेल," म्हणाल्या, "अन् आलं. आनखी काही नाही."

"काकू, तिकडचे जुने शाकाहारी लोक प्याज-लहसून खातच नाहीत. देवळाचा नियम आहे त्यांचा. हिंग पण वर्ज्य! मी फक्त व्हेज करते आणि तेच पाळते, बर्तनं पण अलग."

"हिंग पन नाही?" जाऊबाई थक्क झाल्या. "बाई बाई, हे तर माझ्याही वरचे निघाले!" तैवान कुठे आहे हे त्यांना आजही ठाऊक नाही, पण तिथल्या लोकांबद्दल त्या क्षणी जो आदर त्यांच्या चेहऱ्यावर उमटला, तो आमच्या सासरच्या कुणाच्याही वाट्याला आलेला नाही. मश्रूमला मात्र "कुत्र्याची छत्री मी खात नसते" म्हणून हाकललं. कुणाच्या तरी चहात तळाशी काळे गोळे दिसले तेव्हा, "साबुदाना हाये ना हा? मंग उपासाले चालंल," असा निकालही देऊन टाकला.

आम्ही बसलो. कोबीचे वाफवलेले मोदकासारखे डंपलिंग आले, तशा जाऊबाई उठल्या आणि मला वाढू लागल्या. मी त्यांना बसवलं. सोयाबीनचं पनीर आलं, त्या पुन्हा उठल्या आणि या खेपेस शेजारच्या टेबलावरच्या पोरींनाही वाढून आल्या. शेवटी ती मुलगी शेवयांच्या रश्श्याचा वाडगा घेऊन आली, तो त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकू, आता तुम्ही बसा ना. पहिले तुमचं."

जाऊबाई बसल्या. वाफ तोंडावर आली तशी त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, वास घेताहेत. मग एक चमचा तोंडात घातला, लगेच दुसरा घातला. वाडग्याकडे पाहतच त्या म्हणाल्या, "किती गरम हाये गं."

"भाजलं का तोंड?"

"नाही गं. गरम चांगलं लागते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी त्यांची भाजी वेगळी, म्हणून कांदा चिरायच्या आधी सगळ्यांत अगोदर शिजायची. मग आमचं व्हायचं, आम्हाला तव्यावरून ताटात वाढून व्हायचं, मी धावत शाळा गाठायचे आणि सगळं आवरून त्या आपलं झाकलेलं, गार झालेलं उघडायच्या. एका घरात इतकी वर्षं काढली आणि हे माझ्या कधी लक्षातही येऊ नये, याची मला फार लाज वाटली. मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, कारण चमचा त्या हातात होता.

वाडगा रिकामा झाला. जाऊबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं, माझ्याकडे झुकल्या आणि मी आजवर कधी न ऐकलेल्या हळू आवाजात विचारलं, "मास्तरीन, इथं आनखी थोडं मागितलं तर चालते का गं?"

मी त्या मुलीला हाक मारली. जरा मोठ्यानेच मारली असावी, कारण साऱ्या हॉटेलाने वळून आमच्याकडे पाहिलं.