केबिनखालची रबरं

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ झिजलेल्या रबरात असतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मी आजवर एकच पाहिला: आमचे म्हैसूरचे घरमालक. नळ गळो, कुकर रुसो, नाही तर समोरच्या नवराबायकोचं भांडण गल्लीभर ऐकू येवो, काकांचं निदान ठरलेलं, "मधलं रबर गेलं, नोडी!" 'नोडी' म्हणजे 'बघा'. तिथल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीत नोकरी लागून मी साताऱ्याहून त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा त्यांनी माझ्या सामानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या स्कूटरचा स्टँड मात्र जरा कुरकुरला, तर मला उकिडवं बसवून त्यावर लांबलचक व्याख्यान दिलं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. घोडे गेले, पण खरारा करायची हौस रक्तात उरली आणि ती सगळी अंगणातल्या जुन्या पिकअपच्या वाट्याला आली. रोज सकाळी चहाच्या आधी तिच्या बॉनेटवर थाप मारून "निद्दे आयता?" अशी झोपेची चौकशी व्हायची. घरात मराठी आणि गाडीशी कानडी का, असं मी एकदा विचारलं. "ती इथंच जन्मली की तम्मा, तिला मराठी कुठून यायचं?" असं म्हणून त्यांनी आपल्या या तम्माकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे, कीव केल्यासारखं पाहिलं.

या गाडीतून काका-काकूंनी वर्षानुवर्षं वरुण्याहून दूध आणलं होतं. वरुणा हे काकूंचं माहेर. पुढं काकूंच्या मणक्यानं दगा दिला, डॉक्टरांनी धक्के वर्ज्य केले आणि काकांच्या शेजारची जागा रिकामी झाली. त्या जागेवर ते साधी पिशवीसुद्धा ठेवत नसत. शेवटी त्यांच्या बंगळूरला असलेल्या मुलानं गाडीला गिऱ्हाईक आणलं, तेव्हा काकूंनीच निवाडा दिला, "री, दसऱ्याला मला वरुण्याला न्या. कंबर गप्प राहिली तर गाडी राहील. बोलली तर सुम्ने विकून टाका." ही 'री' म्हणजे तिकडच्या बायकांची 'अहो', आणि 'सुम्ने' म्हणजे 'गुपचूप'.

काका त्या दिवसापासून पेटले. केबिन आणि खालची चासी यांच्या मधे रबराच्या जाड गाद्या असतात. काकांच्या गाडीत या गाद्यांची चेपून पार भाकरी झाली होती, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या पाठीत शिरत होता. काकांनी नवी रबरं पैदा केली. गंजलेल्या बोल्टांना आजाऱ्याला औषध द्यावं तसं सकाळ-संध्याकाळ तेल पाजलं. पत्रा चेपू नये म्हणून मधे फळी घालून जॅकवर केबिन उचलली. डावी बाजू झाली, उजवी उचलून झाली आणि अंधार पडला. दसरा त्यांच्या पक्का ध्यानात होता. त्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं तेवढं ते विसरले.

सकाळी उठून पाहतात तो काकूंनी सगळे पाने, हातोड्या धुऊन-पुसून देवापुढे मांडलेले, वर हळदकुंकू. आता उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायची सोय नाही. मागच्या वर्षी याच दिवशी गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला काकांनी स्वतः परत धाडलं होतं. अंगणात गाडी झेंडूची माळ घालून एका अंगावर कललेली, आणि काका हात मागे बांधून तिच्याभोवती घिरट्या घालतायत. न राहवून त्यांनी हळूच मला विचारलं, "तम्मा, बोटं आयुधात धरायची का रे? नुसता बोल्ट फिरवतो."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "धरायची. आणू का कुंकू?"

दुसऱ्या दिवशी पूजा उतरली रे उतरली, काका गाडीखाली गेले. रबरं बसली, सगळे बोल्ट आधी ढिलेच लावले, दारांच्या फटी सारख्या आल्यावर मग आवळले. जॅक काढला, दार लावलं. ते इतक्या हळू लागलं, की काका तिथेच जमिनीवर बसले. "आयतु, झालं," एवढंच म्हणाले.

दुपारी निघालो. काका-काकू पुढे, मी मागे हौद्यात केळ्यांच्या घडाशेजारी. प्रत्येक खड्ड्याला मी काकूंच्या वाटचा देव आठवत होतो. वरुणा जवळ आलं आणि मागच्या काचेतून दिसलं, काकूंची मान एका बाजूला कलली होती. मी काच वाजवली. काकांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. काकू गाढ झोपल्या होत्या, काकांच्या खांद्यावर डोकं टाकून. मी पुन्हा केळ्यांच्या घडाला टेकून बसलो.

माहेरचं घर आलं. दारात काकूंचे भाऊ हात हलवत उभे होते. त्यांना जागं दिसत होतं ते फक्त काकांचं तोंड, आणि तेही सरळ रस्त्याकडे लागलेलं. काकांनी गाडी थांबवलीच नाही. उसाच्या कडेकडेनं, निधान, अगदी सावकाश, ते तसेच पुढे निघाले.