घोडी आणि कुत्री, एकाच कुंपणात

"काटेरी तार टाकून द्या ताई, चार पदरी. बाकी काय डोकं लावू नका."

भागवतराव बांधावर उभे राहून मला माझाच धंदा शिकवत होते. पिशोरजवळचं त्यांचं वावर, आत दोन घोड्या आणि दोन कुत्री. मी छत्रपती संभाजीनगरात कुंपणाची कंत्राटं घेते. साइटवर पोचले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब कुठंयत?" साहेब कुणी नाहीत, मीच आहे, हे सांगायला आता मला मजा येते.

भागवतरावांच्या घोड्या वरातीच्या. तालुक्यातले निम्मे नवरदेव आमच्या मोहिनीवर बसूनच मांडवात जातात, असं ते सांगतात. मी काही मोजायला गेलेली नाही. कुत्री मात्र सारखी रस्त्यावर पळायची. टायगर टेम्पोखाली येता येता वाचला, तेव्हा कमलवहिनींनी, म्हणजे भागवतरावांच्या पत्नीनं, मला फोन केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घोड्या मोकळ्या फिरल्या पाहिजेत, कुत्री आत राहिली पाहिजेत आणि कुणाला खरचटायला नको.

ऐकायला सोपं वाटतं. पण घोड्याला बारीक तार चटकन दिसत नाही. बिचकलं की ते समोर काय आहे ते न बघता धावतं, आणि काटेरी तारेत घुसलं तर कातडं सोलून निघतं. कुत्र्याची गोष्ट वेगळी. ते दोन पदरांमधून अंग चोरून निघतं, नाहीतर खालून उकरतं.

हे सगळं मी भागवतरावांना सांगितलं.

"मग झटका मशीन लावा," ते म्हणाले. झटका मशीन म्हणजे कुंपणाच्या तारेत हलका शॉक सोडणारं, बॅटरीवरचं यंत्र.

"कुत्रं एकदा शॉक खाऊन बाहेर पळालं, की परत आत यायला घाबरणार. रस्त्यावरच राहील ते."

"मग चेनलिंकची जाळी?"

"घोडी अंग घासणार. जाळी फुगेल, खालची कड सुटेल, आणि तिथून कुत्री पसार."

"तुमाला तर कायच पसंत नाय!"

त्यांनी एका बाजूला आपल्याच माणसांकडून जाळी लावूनही घेतली होती. वीतभर चौकोनांची, शेताला लावतात ती. जाळी खांबांच्या बाहेरून ठोकली होती. आमच्याकडं सगळे असंच लावतात. कुंपण म्हटलं की रानडुकरं आणि लोकांची गुरं बाहेर ठेवायची, एवढंच डोक्यात असतं. धक्का बाहेरून आला तर जाळी खांबावर दाबली जाते, म्हणून ती बाहेरून. डुकरं बिचकावीत म्हणून वर वहिनींच्या जुन्या साड्याही बांधल्या होत्या.

"भागवतराव, इथं धक्का आतून बसणार आहे," मी म्हणत होते. "आणि हे चौकोन बघा केवढे आहेत, यातून खूर..."

माझं वाक्य अर्धंच राहिलं. शेजारच्या वावरात हिरवागार मका होता. मोहिनी जाळीपाशी जाऊन मान लांब करत होती आणि पुढच्या पायानं जमीन उकरत होती. तो पाय चौकोनातून आरपार गेला.

तिनं पाय मागे ओढला. खूर अडकला. तिनं आणखी जोरात ओढला, तसे दोन खांब हलले. कुत्री भुंकत तिच्याभोवती नाचायला लागली. भागवतराव धावले आणि लगाम धरून तिला ओढायला गेले.

"ओढू नका! पाय मोडेल!" मी ओरडले. "आधी कुत्री बांधा."

त्यांनी जाळीवरची एक साडी ओरबाडली आणि दोन्ही कुत्री लिंबाला बांधून टाकली. मी जीपमधून बोल्ट कटर घेऊन आले खरी, पण जवळ जायचं कसं? मोहिनी झटके देत होती. वरातीच्या घोडीचा पाय गेला की तिचं काय होतं, हे मी सांगायला नको.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून कमलवहिनी पुढं आल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि बँडची धून पूर्ण आवाजात लावली. भर उन्हात, रिकाम्या वावरात, ताशा आणि क्लॅरिनेट.

मोहिनीचे कान उभे राहिले. अंग थरथरत होतं, पण ती थांबली. मांडवाच्या दारात उभी राहते तशी उभी राहिली.

"नवरदेव वर चढस्तोवर हलायचं नाय, हे तिला शिंगरू असल्यापासनं शिकवलंय म्या," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचा एक हात तिच्या मानेवर होता. "तोडा ताई. उभी राहती ती."

मी खुराजवळ उकिडवी बसले. तार तोडली की तिचं टोक उसळतं, म्हणून भागवतरावांनी ते पक्कडीत धरलं. मी एकेक तार तोडत गेले. धून संपली की वहिनी परत लावायच्या. शेवटची तार तुटल्यावर मी खूर हातात धरून बाहेर काढला आणि तिथंच मातीत बसकण मारली.

कन्नडहून जनावरांचे डॉक्टर आले. वर कातडं सोललं होतं, हाड शाबूत होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, विश्रांती सांगितली. ते ऐकल्यावर वहिनी रडल्या. भागवतरावांनी तोडलेल्या जाळीचे तुकडे गोळा करून बांधाकडेला टाकले.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "आता तुमच्या मनानं करा."

मग आम्ही बारीक, उभट चौकोनांची, सांध्यासांध्याला तारेची गाठ असलेली गाठजाळी आणली. तीन बोटं जातील, खूर जाणार नाही. ती खांबांच्या आतून लावली, म्हणजे घोडी रेलली तरी जाळी खांबावरच दाबली जाईल. वरच्या कडेला पांढरा रंगवलेला पाइप आडवा टाकला, घोड्यांना लांबून दिसावा म्हणून. खालची कड आतल्या बाजूला जमिनीवर दुमडली आणि त्यावर मुरूम आणि दगड टाकले. कोपरे गोल केले, कारण दोन घोड्या भांडल्या तर एक कोपऱ्यात सापडायला नको.

काम संपल्यावर सगळी मंडळी आत सोडली. काळ्या कुत्र्यानं लगेच उकरायला घेतलं. पंजाला जाळी लागली. त्यानं दुसरीकडं उकरलं, तिथंही जाळी. मग दोघंही कंटाळून सावलीला जाऊन पडली. मोहिनी पाइपापर्यंत चालत आली, चारही पाय नीट टाकत, आणि त्याला मान घासत उभी राहिली.

निघताना वहिनींनी मला घरात बोलावलं आणि माझी ओटी भरली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, काम संपलं की लोक नारळ देतात, तोही बरोबरच्या फिटरच्या हातात. ओटी पहिल्यांदाच भरली गेली.

"माझ्या पोरीचा पाय वाचवला तुमी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही तिला थांबवलं नसतं तर माझा कटर तिच्या जवळसुद्धा गेला नसता," मी म्हणाले. ते औपचारिक नव्हतं. त्या बाईचे उपकार मी आजही मानते.

आता नवं गिऱ्हाईक आलं की कोणती तार हवी, हे मी विचारतच नाही. आधी विचारते, आत कोण राहणार आहे?

बहुतेक जण सांगतात, "डुकरं लई येतात ताई."

मग मी तोच प्रश्न परत विचारते.