खुंटावरची फुलं

काचघरातल्या मावशींची उद्यानात एकतीस वर्षं झाली, आणि त्यांतली शेवटची आठ एका लबाडीपायी गेली. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी थंडीची चाहूल लागली की त्या सगळ्यांच्या आधी दोन तास येत.

"एवढ्या पहाटे? झाडाला दूध पाजायचंय का?" नवरा पांघरुणातून विचारी.

काचघरात कॅमेलिया होत्या. जपान-कोरियाकडची जपोनिका, जिचं फूल अख्खंच्या अख्खं गळून पडतं. चहाची सायनेन्सिस, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दक्षिण चीनमधली पिवळी, जरा लाडावलेलीच. आणि कोपऱ्यात चीनच्याच युनान प्रांतातली रेटिक्युलाटा. तिचं फूल तळहाताएवढं, पण फांदी रोवली तर मूळ धरेल तर शपथ. म्हणून तिचं कलम ससांक्वाच्या खुंटावर करायचं. ही ससांक्वा जपानी, चिवट. फुलं लहान, सुवासिक, पाकळी पाकळी गळणारी, आणि थंडीच्या तोंडालाच येणारी.

आठ वर्षांपूर्वी रेटिक्युलाटाची एकच कांडी आली होती, कलम मावशींनी केलं. मग त्यांची आई आजारी पडली, त्या महिनाभर गावी. परतल्या तर कांडी वाळलेली आणि खाली खुंटाला तजेलदार फुटवा. तो छाटायचा असतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक. त्यांनी कांडी छाटली, फुटवा वाढू दिला. रेटिक्युलाटाची पाटी तशीच राहिली. पानांवरून ओळखणारं कुणी नव्हतं. उद्यानप्रमुख मॅडमचा विषय शेवाळ.

"मावशी, अजून फूल नाही?" मॅडम दरवर्षी विचारत.

"उशिरा फुलते ती," मावशी म्हणत. पहाटे खुडलेली फुलं एप्रनच्या खिशात.

यंदा निवृत्ती होती. मॅडम म्हणाल्या, "ती फुलेपर्यंत तुम्हाला सोडत नाही. मुदतवाढीचं पत्र उद्याच पाठवते."

मावशी पालथ्या कुंडीवर बसल्या, त्यांना उठवेना. दुसऱ्या दिवशी त्या ऊन येईपर्यंत झोपल्या आणि वेळेवर कामावर आल्या.

मॅडम झाडापुढे उभ्या होत्या. बुटांवर पाकळ्या.

"ही ससांक्वा आहे."

"पहिल्यापासून. कांडी मेली होती. मी आठ वर्षं खुडतेय."

"आणि मी आठ अहवालांत लिहिलंय, रेटिक्युलाटा सुस्थितीत." मॅडमनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आणखी दोनेक वर्षं खुडता येतील का, मावशी?"

"गुडघे गेले माझे. तुम्ही खुडा. पाचला यावं लागतं."

मॅडमनी वाकून पाटी उपटली. घट्ट बसली होती, दोन हात लागले.

"निवृत्तीचा अर्ज आणलाय?"

"आणलाय," मावशी म्हणाल्या.