सा कुणाचा?

"पेटीवरचे स्टिकर कोणी काढले?"

"मी काढले, साहेब. राहिलेला गोंदही ब्लेडनं खरवडला."

परतूरच्या आमच्या शाळेचे सचिव पेटीकडे बघतच राहिले. मी तिथं संगीत शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते.

पेटीच्या पट्ट्यांवर सा, रे, ग असे स्टिकर लावायची पद्धत बऱ्याच क्लासमध्ये आहे. मुलं अक्षर वाचतात, पट्टी दाबतात, गाणं वाजतं. पालक खूश. कानाला मात्र कामच उरत नाही. शिवाय सा काही एका पट्टीला चिकटलेला नसतो. आपला गळा जिथं आरामात टिकतो तिथं आपला सा, बाकीचे सूर त्याच्यापासून मोजायचे. हे स्टिकर आधीच्या सरांच्या भारदस्त गळ्याच्या सोयीचे होते. आठवीतल्या आयेशाचा आवाज तिथं घशातच अडकायचा. त्यामुळं 'हिला सूर नाही' असा शिक्का तिच्यावर बसला होता.

"त्या पोरीला गॅदरिंगच्या ग्रुपमधून काढा," सचिव म्हणाले, "अन् स्टिकर लावा. पोरं गोंधळून राह्यलेत."

"यातलं एकही होणार नाही."

"मंग गॅदरिंगला फजिती झाली तर जबाबदारी तुमची."

"बिलकुल माझी."

मला संताप आला होता. एवढ्याशा पोरीला सूर नाही, हे ठरवणारे आपण कोण?

मी सा वर नेला, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला. बाकीच्या मुलींचे आवाजही तिथंच खुलले. मग खेळ सुरू केला. सूर तीनच, सा रे ग. पण ओळ स्वतःची, आत्ताच्या आत्ता रचलेली. बाकीच्यांनी डोळे मिटून त्यातले सूर ओळखायचे आणि पुढची ओळ जोडायची. मोठे लोक याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात.

आयेशा भिंतीला टेकून उभी. "मॅडम, गलत गाईन मी."

"बरोबर काय ते अजून ठरलंच नाही. मग चुकशील कशी?"

ती हसली, आणि गायली. हळूहळू तीन सुरांचे पाच झाले. या खेळात पाठांतर काहीच नव्हतं, पण कोणता सूर लागला हे झोपेतून उठवून विचारलं तरी मुली सांगायच्या.

गॅदरिंगच्या आधी सचिव तालमीला आले. आयेशाची ओळ ऐकून थबकले.

"हे कोणतं गाणं?"

"आत्ताच केलं, सर."

"नाव काय त्याचं?"

"नाव न्हाई ठेवलं अजून."

"बिननावाचं गाणं कसलं? स्वागतगीत म्हण. न्हाई जमलं तर ग्रुपमधून बाहेर." थोडीफार पेटी त्यांनाही यायची. त्यांनी स्वतः पेटी ओढली आणि जुन्या सवयीनं स्टिकरच्या जागेचा खालचा सा धरला.

आयेशानं तो सूर ऐकला.

"सर, हा सा तुमचा आहे," ती म्हणाली. "माझा वर आहे."

आणि पेटीची वाट न बघता तिनं स्वागतगीत आपल्या सुरात सुरू केलं. सचिव पट्ट्या चाचपत तिच्या मागं. दुसरं कडवं आलं तेव्हा कुठं त्यांना सा सापडला.

तिला ग्रुपमधून काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. गॅदरिंगला आयेशा पहिल्या रांगेत होती. पेटीनं गळ्याच्या मागं जायचं असतं, गळ्यानं पेटीच्या नाही. पोरांना एवढी थिअरी आली तरी माझा पगार वसूल.